दसरा ते होळी, एक सिलिंडर

माझ्या गाडीत दसऱ्याला लावलेला गॅसचा सिलिंडर होळीपर्यंत जायचा. हे मी पुष्कळ लोकांना सांगितलेलं आहे. बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना सांगितलं, वाणगावच्या चहावाल्याला सांगितलं, मनोरला पंपावर डिझेल भरताना सांगितलं. कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. लोक म्हणायचे, असं कसं, आमच्याकडे महिना-दीड महिन्यात हलका होतो. मग मी त्यांना कारणं सांगायचो. बर्नर साफ पाहिजे, ज्योत निळी पाहिजे, भांड्यावर झाकण पाहिजे. ही कारणं खरी आहेत. आजही खरी आहेत.

गाडी म्हणजे मॅटाडोर. मी मूळचा ड्रायव्हर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी तिथल्या एका परदेशी इंजिनिअरची जीप चालवायचो. त्याच्याकडे त्याच्या गावच्या मोटारीचा फोटो होता. मोटारीत पलंग, मोरी, शेगडी, सगळं घर. मागच्या बाजूला गॅसची टाकी. ती टाकी किती दिवस जाते, हे मी त्याला हातवारे करून विचारलं. तो म्हणाला, पूर्ण हिवाळा. पुढे तो साहेब गेला, जीपही गेली, हे वाक्य माझ्याजवळ राहिलं.

नंतर मी बोईसरच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवली. कारखान्याने जुनी मॅटाडोर मोडीत काढली, ती मी घेतली. सीटा काढून टाकल्या. डाव्या अंगाला झोपायला फळी ठोकली, उजव्या अंगाला शेगडीसाठी लोखंडी घोडा केला. सिलिंडरच्या मागे पत्र्याला खाली भोकं पाडली, कारण गळलेला गॅस खाली बसतो. घरचा सिलिंडर गाडीत वापरायचा नाही असं एजन्सीवाले म्हणाले. मी म्हटलं, आम्ही गाडीतच राहतो. त्यावर त्यांच्याकडे नियम नव्हता.

गाडी घेतली ती हंसासाठी. हंसा माझी बायको. आम्ही दोघेही तारापूरकडचे, मासेमारीच्या घरातले. तिच्या भावाची होडी होती. ती बोंबील, जवळा, मांदेली सुकवायची आणि टोपलीत घेऊन आतल्या बाजारांना जायची. एसटीचा कंडक्टर वासावरून रोज भांडायचा. ती म्हणायची, टोपलीचे पैसे मोजलेत, नाक धर आणि तिकीट फाड. पण भांडणात टोपली ओढून त्यानेच एकदा जवळा सांडला. मग मी नोकरी सोडली आणि गाडी घेतली. दसऱ्याला आम्ही निघायचो. वाणगाव, कासा, मनोर, पुन्हा वाणगाव, अशी फेरी. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा घरी येऊन माल भरायचा. होळीला सिलिंडर बदलायचा आणि पावसाळा लागेपर्यंत दुसऱ्यावर काढायचं. डोंगरातली माणसं पावसाळ्यासाठी सुकट भरून ठेवतात, म्हणून शेवटी शेवटी माल पुरायचा नाही. अशी आम्ही पाच वर्षं काढली.

बाजार आटोपला की मी गाडी पुढे काढायचो. वाणगावच्या पुढे कासाच्या रस्त्याला एक पाडा आहे, तिथे मोहाच्या झाडाखाली गाडी लावायची. चाकांना दगड लावायचे, बोनेट उघडून पाणी-ऑइल बघायचं आणि मी झोपायचो. हंसा हंडा घेऊन पाण्याला जायची. मी उठायचो तेव्हा शेगडीवर भाताचं पातेलं झाकलेलं असायचं. बाजूला जवळ्याचं कालवण, फडक्यात भाकऱ्या. मी जेवायचो आणि जेवताना ज्योत कशी ठेवावी ते सांगायचो. ती हो म्हणायची. कालवणाला धुराचा वास असायचा. सुकी मासळी भरलेल्या गाडीत कसला वास कुठून येतो याचा मी कधी तपास केला नाही.

श्रावणात हंसा वारली. पोटाचं होतं. पालघरला नेलं, तिथून मुंबईला न्या म्हणाले, न्यायच्या आधीच झालं. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारून जेवण यायचं. सुतक फिटलं आणि शेजारचं जेवण बंद झालं, तेव्हा ती वारली हे मला समजलं.

मुलगा कमलाकांत बोईसरला कारखान्यात आहे. तो आणि त्याची बायको नलू बेटेगावला खोली घेऊन राहतात. भाद्रपदात दोघे घरी आले. कमलाकांतने चहा संपवला आणि म्हणाला, "बाबा, गाडी विकू या."

"का?"

"एकट्याने कसं करणार तुम्ही?"

"गाडी मीच चालवत होतो."

"आणि मासळी कोण विकणार? रांधणार कोण?"

"तराजू तोच आहे," मी म्हटलं. "शेगडी तीच आहे. सिलिंडरही तसलाच. दसऱ्याला लावला की होळीपर्यंत जातो. काही बदललेलं नाही."

नलू तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं तिला सासूची आठवण झाली.

कमलाकांत माझ्याकडे बघत राहिला. "होळीपर्यंत जातो?"

"जातोच."

"मग असं करू. होळीपर्यंत गेला तर गाडी तुमची. मी पुन्हा शब्द काढणार नाही. आधी संपला तर गाडी विकायची आणि तुम्ही बेटेगावला आमच्याकडे यायचं."

"ठरलं," मी म्हटलं. मला ही पैज फारच सोपी वाटली. मुलाला फसवतोय असंही वाटलं.

बेटेगावला त्यांची एक खोली आहे. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथे मी दिवसभर खाटेवर बसून काय करणार? गाडीतल्या फळीवर हंसा पत्र्याच्या बाजूला झोपायची आणि मी कडेला. ती गेल्यावरही मी कडेलाच झोपत होतो. एका खोलीत मुला-सुनेदेखत असं झोपलं तर कारण सांगावं लागतं. गाडीत सांगावं लागत नाही. म्हणून मला गाडी पाहिजे होती.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, भरलेला सिलिंडर लावला आणि निघालो. मासळी विकायला मला जमलं. बायका हंसाला विचारायच्या. मी सांगितलं की त्या जरा गप्प व्हायच्या, मग नेहमीपेक्षा जास्त घासाघीस करायच्या. पाड्यावर मात्र मी त्या वर्षी थांबत नव्हतो. पुढे जाऊन रस्त्यालाच गाडी लावायचो. कारण काही नाही.

रांधायचं मी शिकलो. पहिला भात उतू गेला, दुसरा खाली लागला, तिसरा दोन्ही झाला. डाळ चढवली की गिऱ्हाइकं येऊन जायची, तरी ती शिजत नसे. बाजारातल्या एका म्हातारीने सांगितलं, आधी भिजत घाल. मग भिजत घालायला लागलो. भाकरी केली नाही. पाव घ्यायचो.

आमच्याकडे पोती तोलायचा काट्याचा तराजू होता, हूकवाला. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा केलं की उरेल तो गॅस. दिवाळीच्या सुमाराला मी सहज म्हणून सिलिंडर काट्याला लावला. निम्म्याच्या वर गॅस गेला होता. मी बोंबलांचं पोतं लावून काटा तपासला. काटा बरोबर होता. पुन्हा सिलिंडर लावला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. बराच वेळ बघून म्हणालं, "भाऊ, हा कसला मासा?"

"विकायचा नाही."

"ताजा दिसतो," तो म्हणाला आणि गेला.

मी नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं. बुडबुडा आला नाही. तरी नळी बदलली. रेग्युलेटर काढून पुसला. वाऱ्याने ज्योत फाकते म्हणून खिडकीला गोणपाट लावलं. त्याने गाडीत अंधार झाला आणि मी मीठ दोनदा घातलं. मग एकच गोष्ट उरली. सिलिंडर मुळात कमी भरलेला असणार. मी फेरी मोडून बोईसरला एजन्सीत गेलो.

कारकून तरुण होता. त्याने विचारलं, "तक्रार काय?"

"गॅस कमी भरलाय."

"कधी लावला?"

"दसऱ्याला."

"आता दिवाळी झाली. चांगला चाललाय की."

"होळीपर्यंत जायला पाहिजे."

त्याने पेन खाली ठेवलं. "कोण म्हणतं?"

"माझ्या बायकोला जायचा. दर वर्षी."

त्याने मागे वळून हाक मारली. "जानू, इकडे ये. हे ऐक. दोन माणसं, दोन वेळचं जेवण, दसरा ते होळी, एक सिलिंडर."

जानू सिलिंडर उतरवणारा होता. तो हात पुसत आला. "काका, तुमी खायचे काय? वारा?"

"भात, कालवण, भाकरी. वर चहा."

"भाकरीपन?"

"भाकरीपण."

"बघ," कारकून म्हणाला, "आणि आपल्याकडे बायका महिन्याच्या आत येऊन नंबरासाठी भांडतात. काका, एकदा घेऊन या बाईंना. इथे खुर्ची टाकून बसवतो. सगळ्यांना शिकवू देत. एजन्सीतर्फे हार घालतो."

"वारली ती," मी म्हटलं. "श्रावणात."

जानू आपल्या सिलिंडरांकडे परत गेला. कारकुनाने पेन उचललं आणि माझी तक्रार लिहून घेतली. वळणदार अक्षरात लिहिली. मोठ्याने वाचून दाखवली, मी सही केली. त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही. पण लिहिली त्याने मनापासून.

त्यानंतर मी काटकसर सुरू केली. दुपारचा चहा बंद केला, मग सकाळचाही. भाताला एक उकळी आली की गॅस बंद करायचा आणि पातेलं गोधडीत गुंडाळायचं. गोधडीत भात शिजतो. नाही शिजला तरी कोमट राहतो. डाळ सोडून दिली. बोंबील नुसते शेकायचे म्हटलं तरी गॅस लागतो, म्हणून जवळा कच्चाच कांद्याबरोबर खाल्ला. वाणगावच्या चहावाल्याने नेहमीसारखं विचारलं, "काय भाऊ, किती गेला सिलिंडर?" मी म्हटलं, "चाललाय." तो म्हणाला, "जाणारच. होळीपर्यंत जाणारच." हा माणूस पाच वर्षं मला हेच विचारत होता आणि माझं ऐकून घेत होता. मला त्याचा आधार वाटायचा.

मार्गशीर्षात गॅस संपला. वाणगावचा बाजार करून मी कासाच्या रस्त्याला गाडी लावली होती. पाडा मागे दिसत होता. तांदूळ चढवले, पाणी गरम होऊन तांदूळ हलायला लागले आणि ज्योत बारीक झाली. पिवळी झाली, फुर्र केलं आणि विझली. मी सिलिंडर हलवला. आडवा केला. आडवा केला की थोडा येतो असं लोक म्हणतात. आला नाही. मी फळीवर बसून पातेल्याकडे बघितलं. गाडी गेली, हे मला समजलं. पण तांदूळ अर्धे भिजलेले होते आणि मला भूक लागली होती. चार लाकडं मागावीत म्हणून मी पातेलं घेऊन पाड्यावर गेलो.

पहिल्याच झोपडीच्या दारात एक बाई सूप पाखडत होती. वय हंसाएवढंच असेल. मला बघून तिने सूप खाली ठेवलं.

"आलास? लय दिवसांनी आलास रे दादा," ती म्हणाली. "तुझी गाडी जाते तिकडून, दिसते मला. थांबत नायस."

"तुम्ही ओळखता मला?"

"गाडीतला तू. घोरतोस तो." तिने माझ्या मागे बघितलं. "हंसा कुठं हाय?"

मी सांगितलं. ती खाली बसली. झोपडीतून तिचा नवरा भिका बाहेर आला, तिने त्याला त्यांच्या बोलीत सांगितलं, तोही बसला. मग ती उठली आणि माझ्या हातातलं पातेलं घेतलं. झाकण काढून आत बघितलं.

"हे काय केलंस?"

"गॅस संपला."

"संपेल नाय तर काय." तिने पातेलं नेऊन चुलीवर ठेवलं, लाकूड पुढे सारलं. चुलीच्या दुसऱ्या अंगाला एक सपाट दगड होता. "बस," ती म्हणाली. "तिची जागा हाय. इथंच बसायची."

"कोण?"

"हंसा. आनखी कोण? रांधायला यायची ना."

"हंसा गॅसवर रांधायची," मी म्हटलं.

बाई हसली नाही. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मी चेष्टा करत नाही ना असं. "गॅसवर तुझा चहा," ती म्हणाली. "भात इथं. भाकरी इथं. कासाला मंजुळा म्हणून एक हाय, तिथं तिच्या चुलीवर. मनोरला कोनाकडं जायची ते मला ठाव नाय. तुला माईत नाय?"

"नाही."

"पाच वर्सं जेवलास ना?"

"जेवलो."

भिका म्हणाला, "झोपेत असायचा तो." त्याने हे माझ्या बाजूने सांगितलं.

बाईचं नाव बायडी. मी तिला विचारलं, हंसा असं का करायची. बायडी चूल फुंकत होती, तिने फुंकणं संपवलं आणि मग बोलली.

"पयल्या वर्साला गॅस निम्मा झाला दिवाळीला. ती हंडा घेऊन आली, घाबरलेली. म्हनाली, यानं बाजारभर सांगितलंय होळीपर्यंत जातो म्हनून. आता काय करू? मी म्हनलं, सांगू दे, बापयांना काय, सांगतात. ती म्हनाली, नाय, लोक हसतील त्याला. एक भात ठेवू दे तुझ्या चुलीवर. मग एकाचं रोज झालं. मूठ मूठ जवळा द्यायची मला. मी लाकडं द्यायची."

"मला सांगायचं होतं तिने."

"मीबी बोलले तिला. म्हनाली, त्याला दुसरं सांगायला काय हाय? नोकरी सोडली माझ्यापायी. हे एक सांगतो तर सांगू दे. बरं वाटतं त्याला."

चुलीवर पातेल्याचं झाकण हलायला लागलं. बायडीने ते बाजूला सरकवलं.

"आनि तिला बरं वाटायचं इथं," ती म्हणाली. "लय बोलायची. तुमच्या त्या कंडक्टरची नक्कल करायची. गाडीत काय बोलनार? गाडीत तुझा गॅस." मग म्हणाली, "पोटात दुखायचं तिच्या. मी पाला उकळून द्यायची. बसायची इथं वाकून, मग उतरायचं, मग जायची पातेलं घेऊन."

"कधीपासून?"

"शिमग्याच्या आदीपासून."

भात झाला. बायडीने त्यातला एक दाणा चिमटीत दाबून बघितला आणि पातेलं माझ्यापुढे उतरवलं. मी तिथेच जेवलो. कालवण त्यांच्याकडचं होतं. जेवणाला तोच वास होता.

दुसऱ्या दिवशी मला कासाला जायचं होतं, पण मी गेलो नाही. तांदूळ घेऊन पुन्हा बायडीकडे गेलो. ती म्हणाली, रोज मी रांधनार नाय, माझी नात हाय, शेरडं हायत. तूच कर, मी सांगते. मग ती सांगत गेली आणि मी करत गेलो. चुलीत ज्योत निळी नसते. लाकूड आत-बाहेर करावं लागतं आणि डोळ्यांतून पाणी येतं, ते सगळ्यांच्याच येतं म्हणून कोणी विचारत नाही. पाड्यावरच्या बायका बघायला यायच्या. नवसी नावाची एक तरुण पोर होती, ती मुद्दाम दुरून ओरडायची, "ए दादा, भाकर गोल करायची असते, होडी नाय!" मी जवळा दिला की तो घ्यायची आणि पुन्हा ओरडायची. पुढे कासाला मी मंजुळा शोधून काढली. ती मला बघून म्हणाली, "एकटाच? हंसा कुठं हाय?" तिलाही सांगावं लागलं. मनोरला कोण होती ते अजून सापडलेलं नाही. मी बाजारात विचारतो. एक म्हणते सोमी असेल, पण सोमी म्हणते मी नव्हे.

संक्रांतीच्या आधी कमलाकांत वाणगावच्या बाजारात आला. मोटारसायकल गाडीला टेकवून लावली, बोंबलांची दोन गिऱ्हाइकं त्यानेच केली, मग गाडीत चढला. त्याने सिलिंडरला बोट लावून जरासा ढकलला. रिकामा सिलिंडर लगेच हलतो.

"संपला?" तो म्हणाला.

"संपला. मार्गशीर्षातच."

"मग कळवलं नाहीत."

"तुझ्या आईने या गॅसवर होळीपर्यंत कधी स्वयंपाक केला नाही," मी म्हटलं. "पैज तिच्या हिशोबावर होती. तो हिशोबच नव्हता. मला आता कळलं."

कमलाकांत फळीवर बसला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मी पहिल्या वर्षी सुट्टीत तुमच्याबरोबर आलो होतो ना. आईबरोबर पाड्यावर गेलो होतो."

"मग पैज का लावलीस?"

"तुम्ही हराल म्हणून."

हे त्याने सरळ सांगितलं. मला त्याचा राग आला नाही. मी विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

तो आठवायला लागला. "नलूला. मामाला. शेजारच्या इंदुबाईंना. चहावाल्याला."

"चहावाल्याला?"

"बाबा, सगळ्यांनाच."

"तो मला दर वेळी विचारायचा, किती गेला म्हणून."

"आईने सांगून ठेवलं होतं. विचारायचं, आणि हसायचं नाही." कमलाकांत खाली बघत होता. "परवा मी त्याला म्हटलं, आता विचारलं नाही तरी चालेल. तो म्हणाला, बाईंनी मला बंद कर म्हणून सांगितलेलं नाही."

बाहेर एक बाई मांदेलीचा भाव विचारत होती. मी खिडकीतून सांगितला. तिने निम्मा सांगितला. मी बरं म्हटलं. कमलाकांतने चमकून माझ्याकडे बघितलं. उतरून त्याने मांदेली तोलून दिली आणि परत आला.

"पैज हरलो," मी म्हटलं. "गाडी विकायची ठरली आहे. मी नाही म्हणत नाही."

तो गाडीत इकडेतिकडे बघत होता. शेगडी मी पुसून कागदात गुंडाळून ठेवली होती. घोड्यावर आता मिठाचा डबा, तांदळाचा डबा आणि बायडीने दिलेली फुंकणी होती.

"जेवता कशावर मग?"

"पाड्यावर. बायडीच्या चुलीवर."

"ती करून देते?"

"नाही. मी करतो. ती सांगते."

"तुम्ही?"

"भात जमतो. कालवण जमतं. भाकरी मोडते."

त्याने माझा हात धरून उलटा केला. बोटांवर दोन-तीन जागी भाजलेलं होतं. तो हात त्याने जरा जास्त वेळ धरला. लहानपणी तो माझ्याबरोबर जीपमध्ये बसायचा, तेव्हाही असाच धरायचा, पण तेव्हा तो घाबरून धरायचा.

"तिथे आईबद्दल बोलतात?" त्याने विचारलं.

"बोलतात. रोज काहीतरी निघतं. ती कंडक्टरची नक्कल करायची, तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं. बायडी तिची नक्कल करून दाखवते. म्हणजे ती कशी नक्कल करायची त्याची नक्कल."

कमलाकांतने हात सोडला. मोटारसायकलची किल्ली काढली आणि बोटाभोवती फिरवत बसला. मग म्हणाला, "जुन्या मॅटाडोरला लगेच गिऱ्हाईक मिळत नाही, बाबा."

"किती दिवस लागतील?"

"ते सांगता येत नाही."

"साधारण?"

"साधारणही सांगता येत नाही. एखाद्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. वासाची गाडी आहे."

"वास आहे खरा," मी म्हटलं.

त्याने रिकामा सिलिंडर उतरवून मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधला. नंबर लावून ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, घाई नाही. नलूसाठी मी बोंबील बांधून दिले. तो निघाल्यावर मी तराजू आत घेतला, पोती फळीखाली ढकलली आणि गाडी सुरू केली. एक बाई हात करत धावत आली, तिला म्हटलं पुढच्या बाजाराला ये. बायडीला नातीला घेऊन शेताकडे जायचं असतं. चूल विझायच्या आत पोचावं लागतं. ती माझ्यासाठी लाकूड जाळत बसत नाही.